मराठी न कळणाऱ्या पंचांपुढे एकवीस तास

बचतगटाच्या बैठकीत परवा आम्ही लोकमान्य टिळकांच्या खटल्याविषयी बोललो. शाळेत आपण मंडाले पाठ केले, पण तिथवर नेणारे ते नऊ पंच कोण होते, हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते.

त्या काळी मोठ्या खटल्यांत न्यायाधीशाबरोबर ज्युरी बसे. ज्युरी म्हणजे शहरातले निवडलेले पंच. कायदा न्यायाधीशाने समजावायचा आणि आरोपी दोषी की निर्दोष, हे पंचांनी सांगायचे. बायकांना त्या बाकावर जागाच नव्हती.

एप्रिल १९०८ मध्ये बिहारात मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला, दोन इंग्रज स्त्रिया मेल्या. त्यानंतर ‘केसरी’त आलेल्या लेखांवरून सरकारने टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. १३ जुलैला मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे काम सुरू झाले. सरकारने खास ज्युरी मागितली होती. तीत बहुतेक युरोपियन येतील आणि त्यांना मराठी कळणार नाही, असा आक्षेप टिळकांच्या बाजूने बॅप्टिस्टांनी घेतला. तो मानला गेला नाही. सात युरोपियन आणि दोन पारशी, अशी ज्युरी बसली.

लेख मराठीत आणि पंचांच्या हाती इंग्रजी भाषांतर! टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली. सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी करून मूळ शब्दाचा अर्थ कुठे बदलला, ते दाखवले. मग पंचांशी त्यांना कळेल अशा इंग्रजीत ते सुमारे एकवीस तास बोलले. इंग्रजी वर्तमानपत्रांतले उतारे वाचून त्यांनी सांगितले, की आपले लेख म्हणजे चाललेल्या वादातले उत्तर आहे. वृत्तपत्राचे स्वातंत्र्य राखणे ज्युरीच्या हाती आहे, याची आठवण इंग्लंडचाच इतिहास सांगून करून दिली.

२२ जुलैच्या रात्री निकाल आला. सात जण दोषी म्हणाले, दोघे नाही म्हणाले. सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ज्युरी काही म्हणो, आपण निर्दोष आहोत, असे टिळकांनी तिथेच सांगितले. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला.

पुढे १९७३ च्या फौजदारी कायद्यात ज्युरी उरली नाही. पण भाषेचा प्रश्न उरला. आमच्या गटातल्या एका ताईने एकदा कर्जाच्या इंग्रजी कागदावर न वाचता अंगठा दिला. हप्ता चुकल्यावर दंड किती, हे तिला दंड भरतानाच कळले. तेव्हापासून आम्ही ठरवले आहे, की कागद मराठीत मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय आणि प्रत्येकीने ‘कळले’ म्हटल्याशिवाय सही नाही. समोर साहेब ताटकळला तरी चालेल.

टिळकांसारख्या पंडिताला शब्दाशब्दासाठी भांडावे लागले. मग आपण दोन प्रश्न विचारायला का लाजायचे?