दाभोळचे बंदर आणि घाटावरची वाट

दाभोळ म्हटले की आज बहुतेकांना एन्रॉन आठवते. पण वाशिष्ठीच्या मुखावरचे हे बंदर पाचशे वर्षांपूर्वी दख्खनचा दरवाजा होते. एडन, होर्मुझहून गलबते येत. घोडे, तांबे उतरे. हा माल बैलांच्या पाठीवर कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला आणि पुढे मिरजेच्या बाजूने विजापूरकडे जाई. हजला निघालेले लोक याच वाटेने उलट खाली उतरत.

दख्खनमध्ये मुसलमान आले ते फक्त तलवार घेऊन, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. महमूद गावान १४५३ च्या सुमारास दाभोळला उतरला तो गिलानचा व्यापारी म्हणून. बहमनी राज्याचा वजीर तो पुढे झाला. रशियन व्यापारी अफानासी निकितिन १४७० नंतर मायदेशी निघाला, तोही इथूनच जहाजात चढून.

मग पोर्तुगीज आले. मार्च १५०८ मध्ये चौलच्या लढाईत व्हाइसरॉय अल्मेडाचा मुलगा मारला गेला. सूड घ्यायला दीवकडे निघालेल्या अल्मेडाने डिसेंबरात वाटेवरचे दाभोळ जाळले, बायकामुलांसकट कत्तल केली.

तरीही दाभोळ पुन्हा उभे राहिले. जळालेले घर बांधता येते. हातची गेलेली वाट परत मिळवणे अवघड. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा आणि १५१५ मध्ये होर्मुझ घेतले. घोड्यांची जहाजे गोव्याला लागलीच पाहिजेत, असा हुकूम काढला. त्यांचे परवानापत्र, म्हणजे 'कार्ताझ', नसेल तर जहाज जप्त होई. ज्या समुद्रावर कुणाचीच मालकी नव्हती, तिथे जकातनाका बसला. पुढे सुरत वाढली, १६६८ मध्ये मुंबई ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली, आणि शेवटी रेल्वेने घाटावरचा माल मुंबईकडे ओढून नेला.

दाभोळच्या किनाऱ्यावर आदिलशाही काळातली घुमटाची मशीद अजून उभी आहे. कऱ्हाडच्या उंच मनोऱ्यांची मशीद पहिल्या अली आदिलशहाच्या काळातली. एक वाटेच्या या टोकाला, दुसरी घाट चढल्यावर. सातारा-सांगलीच्या माणसाला समुद्र परका वाटतो, कारण आपण बंदराचा इतिहास किनाऱ्यावरच संपवतो. पण त्या बंदराला जगवले ते घाटावरच्या बाजारपेठांनी, बैल हाकणाऱ्यांनी आणि सर्व जातिधर्मांच्या गिऱ्हाइकांनी. राजांच्या लढायांइतकाच हा देवघेवीचा इतिहासही आपला आहे. तो मुलांना सांगायला हवा.