सुईण आणि मृत्यूची नोंद
आधी उत्पन्न वाढावे, मग आरोग्य सुधारेल, असे अर्थशास्त्र शिकताना मला वाटे. श्रीलंकेच्या इतिहासाने तो समज मोडला. 1930च्या दशकात तेथे लाख जिवंत जन्मांमागे दोन हजारांहून अधिक माता दगावत. 1926 साली कलुतारा येथे पहिले आरोग्य पथक सुरू झाले. प्रशिक्षित सुईण घरोघर पोहोचली, अडलेल्या बाईला वेळीच रुग्णालयात धाडू लागली. मलेरियाही हटला. 1950च्या सुमारास प्रमाण पाचशेच्या आसपास आले. देश मात्र गरीबच होता!

माझ्यासारख्या फायलीतल्या माणसाला मोलाची वाटते ती एकोणिसाव्या शतकापासूनची मृत्युनोंद. माता कुठे दगावतात हेच ठाऊक नसेल, तर सुईण नेमायची कुठे? भारतात हे प्रमाण 2004-06 मध्ये 254 होते, 2018-20 मध्ये 97; तेही नमुना पाहणीवरून काढलेले.