कोळसा, लेसर आणि ग्राफीन : एका शोधाची तीन मुळे

नारळाची करवंटी जाळली की कोळसा उरतो. त्याच करवंटीवर लेसरचा किरण ठरावीक पद्धतीने फिरवला, तर तिच्या पृष्ठभागावर वीज वाहून नेणारे ग्राफीन तयार होते. अमेरिकेत ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठातील जेम्स टूर यांच्या गटाने 2018 मध्ये हे दाखवून दिले. असा शोध एका दिवसात लागल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे एकमेकांशी संबंध नसलेले तीन धागे आहेत. ते आपण क्रमाने पाहू.

पहिला धागा कोळशाचा. रोझलिंड फ्रँकलिन हे नाव डीएनएच्या संदर्भात परिचित आहे. त्याआधी मात्र त्या कोळशाच्या अभ्यासक होत्या. 1951 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने कार्बनचे दोन वर्ग पाडले. काही पदार्थांपासून मिळणारा कार्बन तीव्र उष्णतेने ग्रॅफाइट बनतो; साखरेचा कोळसा मात्र 3000 अंश सेल्सिअसपर्यंत तापवूनही बनत नाही. त्यातील कार्बनचे सूक्ष्म थर आडव्यातिडव्या बंधांनी जखडलेले असल्यामुळे एकमेकांवर नीट रचले जात नाहीत. लाकूड आणि करवंटी यांचा कोळसाही याच दुसऱ्या वर्गात मोडतो.

दुसरा धागा साधनाचा. 1964 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सी. कुमार एन. पटेल यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर तयार केला. पटेल यांचा जन्म बारामतीचा, पदवी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची. या लेसरचा अवरक्त किरण (तरंगलांबी सुमारे 10.6 मायक्रोमीटर) लाकूड, कापड, प्लास्टिक सहज शोषून घेतात. म्हणूनच पुढे तो कापणी आणि कोरीवकामाच्या कारखान्यांत रुळला.

तिसरा धागा ग्राफीनच्या ओळखीचा. 2004 मध्ये मँचेस्टर विद्यापीठातील आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोवोसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे थर सोलत एका अणूइतक्या जाडीचा थर वेगळा केला. 2010 मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे धागे राइस विद्यापीठात टप्प्याटप्प्याने जुळत गेले. 2011 मध्ये टूर यांच्या गटाने बिस्किटे, चॉकलेट, गवत, इतकेच काय झुरळाचा पाय वापरूनही तांब्याच्या पत्र्यावर ग्राफीन वाढवले. कच्चा माल कोणताही चालतो हे त्यातून सिद्ध झाले, पण सुमारे 1050 अंशांची भट्टी आणि हायड्रोजन वायू लागत होताच. 2014 मध्ये याच गटाने पॉलिइमाइड या प्लास्टिकवर कार्बन डायऑक्साइड लेसर उघड्या हवेत फिरवला. किरण पडला त्या जागी तापमान क्षणभर 2500 अंशांच्या वर गेले, ऑक्सिजन व नायट्रोजनचे बंध तुटून वायू बाहेर पडले आणि मागे सच्छिद्र ग्राफीन उरले.

नैसर्गिक पदार्थ मात्र हवेत नुसतेच जळून जात. 2017 मध्ये पाइनच्या लाकडावर यश आले, तेही निष्क्रिय वायू किंवा हायड्रोजनच्या वातावरणात. लाकडात लिग्निन जितके जास्त, तितके ग्राफीन चांगले, हेही तेव्हा दिसले. 2018 मध्ये अडसर दूर झाला तो एकाच जागी किरण अनेकदा पाडल्यामुळे. पहिल्या वेळी पदार्थाचा कोळसा होतो, पुढच्या वेळी त्या कोळशाचे ग्राफीन. म्हणजे कोळसा हा वाया गेलेला प्रयोग नसून मधला टप्पा आहे, हे ओळखल्यावर करवंटी, बटाट्याची साल, पाव आणि पुठ्ठा यांच्यावरही उघड्या हवेत काम साधले.

मग फ्रँकलिन यांचे वर्गीकरण चुकीचे ठरले का? नाही. लेसरने मिळते ते ग्रॅफाइट नव्हे. त्यात ग्राफीनचे मोजके थर असतात, पण ते सुरकुतलेले आणि एकमेकांशी न जुळलेले. ग्रॅफाइटची सुबक रचना नसली, तरी ग्राफीनचे थर असू शकतात. याच कारणाने हा पदार्थ आणि मँचेस्टरचा एकसंध, एका अणूच्या जाडीचा थर यांना एकाच नावाने ओळखताना सावध राहावे लागते. सच्छिद्र पदार्थ विद्युतधारित्र किंवा संवेदक यांसाठी उपयोगी आहे. अतिशुद्ध थराची गरज असते तिथे तो चालणार नाही. यापुढे 'टाकाऊपासून ग्राफीन' असे वाचनात आले, तर विद्यार्थ्यांनी आधी दोन गोष्टी तपासाव्यात: थर किती आहेत, आणि ते कसे रचलेले आहेत.