तांबडी पेशी आणि स्टेटव्हिलचा तुरुंग

हिवतापाचा व्हायव्हॅक्स हा जंतू क्विनीनने रक्तातून हुसकावला, तरी यकृतात दबा धरून राहतो आणि काही महिन्यांनी पुन्हा उलटतो. त्याला तिथेच गाठणाऱ्या औषधांची पहिली पिढी जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात प्लाझ्मोक्विनच्या रूपाने निर्माण केली. परंतु ते घेतल्यावर काही मोजक्या रुग्णांची लघवी काळ्या चहासारखी होई, डोळे पिवळे पडत, आणि ज्या रक्ताच्या रक्षणासाठी औषध दिले त्याचीच नासाडी होई.

पुढे महायुद्धात पॅसिफिकमधील अमेरिकन सैन्य हिवतापाने जेरीस आले, तेव्हा १९४४ साली इलिनॉयमधील जोलिएटजवळच्या स्टेटव्हिल तुरुंगात शिकागो विद्यापीठाच्या डॉक्टरांनी औषधांचे प्रयोग मांडले. बाधित डास चाववून कैद्यांना ताप आणायचा आणि मग नवी औषधे द्यायची, असा तिथला शिरस्ता पडला. कैद्यांच्या संमतीचे सहीनिशी कागद दप्तरात जमा झाले; पण तुरुंगाच्या भिंतीआड, शिक्षेत सूट मिळेल या आशेवर दिलेली संमती मोकळ्या मनाने दिली असे मी मानू शकत नाही, आणि त्या प्रयोगांची फळे चाखणाऱ्या आपणांस ही गोष्ट विसरण्याचा अधिकार नाही.

या नव्या औषधांपैकी प्रायमाक्विनच्या रोजच्या तीस मिलिग्रॅम मात्रेने आफ्रिकी वंशाच्या कैद्यांपैकी सुमारे दहांत एकाच्या तांबड्या पेशी फुटू लागल्या. दोष औषधाचा, की शरीराचा? १९५४ च्या सुमारास तिथल्याच डर्न, आल्व्हिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा माणसाच्या पेशींवर किरणोत्सारी क्रोमियमची खूण करून त्या निर्दोष माणसाच्या अंगात चढवल्या व त्याला औषध दिले. पाहुण्या पेशी फुटल्या, यजमानाच्या शाबूत राहिल्या. उलट दिशेचा प्रयोगही तोच निवाडा देऊन गेला. दोष पेशीतच होता. त्या पेशी अ‍ॅसिटिलफेनिलहायड्रेझिनबरोबर उबेत ठेवून, जांभळ्या क्रिस्टल व्हायोलेटने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या, की निर्दोष पेशीत एखाददुसरा ठिपका दिसे, सदोष पेशीत मात्र बारीक ठिपक्यांची गर्दी उसळे. बिघडलेल्या हिमोग्लोबिनच्या त्या गुठळ्या होत.

१९५६ साली कार्सन व त्याच्या सहकाऱ्यांनी मूळ कारण दाखवले. तांबड्या पेशीला केंद्रक नाही, तेव्हा सुमारे एकशेवीस दिवसांच्या आयुष्यात तिला जन्माच्या शिदोरीवरच भागवावे लागते. औषधापासून उपजणारी ऑक्सिडीकारक द्रव्ये पेशीतला ग्लुटाथायोन हा रक्षक रेणू झेलतो आणि त्यात तो खर्ची पडतो. त्याला पुन्हा पूर्ववत करण्यासाठी जी रसद लागते, ती ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज या विकराच्या कृपेने मिळते, आणि नेमका हाच विकर या माणसांत जन्मतः दुबळा असतो व पेशीच्या वयाबरोबर आणखी सरत जातो. म्हणून म्हाताऱ्या पेशी आधी फुटतात, आणि त्या संपल्या की औषध चालू असतानाही काहींचे रक्त सावरते.

सार्डिनियात बाकल्याच्या शेंगा खाऊन येणाऱ्या कावीळयुक्त दुखण्याचे मूळही याच विकरात निघाले. आपल्या मुंबईत पारशी समाजातही हा दोष बराच आढळला. आजही व्हायव्हॅक्सच्या रुग्णाला चौदा दिवसांचे प्रायमाक्विन लिहून देण्यापूर्वी जाणता डॉक्टर विचारतो: ‘घरात कोणाला औषधाने काळी लघवी झाली होती का?’