खोडदच्या तबकड्या आणि विझता उजेड

नाशिकहून पुण्याला जाताना संगमनेर, आळेफाटा मागे पडले की नारायणगाव येते. आम्हा नाशिककरांना हे गाव ठाऊक असते ते टोमॅटोच्या बाजारामुळे, नाहीतर तमाशाच्या राहुट्यांमुळे. जवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीचे नाव आमच्याकडे गाजू लागले ते अलीकडे, रेल्वेच्या वादापायी. या तबकड्यांनी आजवर पाहिले तरी काय, हे मी त्यानंतर शोधू लागलो. त्यातले एकच प्रकरण इथे सांगतो.

१९६७ साली अमेरिकेच्या ‘वेला’ उपग्रहांना अवकाशातून आलेला गॅमा किरणांचा लोट टिपता आला. उपग्रह सोडले होते चोरून होणाऱ्या अणुचाचण्या पकडायला! जगाला ही गोष्ट १९७३ मध्ये कळली. अशा स्फोटामागे रेंगाळणारा क्षीण उजेड, म्हणजे उत्तरदीप्ती, सापडायला १९९७ उजाडले.

२९ मार्च २००३ रोजी ‘हेटे-२’ उपग्रहाने असाच एक स्फोट नोंदवला. तो मिनिटभरही टिकला नाही. त्याचा प्रकाश मात्र सुमारे दोन अब्ज वर्षे प्रवास करून आला होता. स्फोटातून सुटलेला झोत भोवतालच्या विरळ वायूवर आदळतो आणि तिथले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेत प्रारणे सोडतात. क्ष-किरण व दृश्य प्रकाश लवकर ओसरतात. लांब रेडिओलहरी आरंभी त्या दाट गोळ्यातच शोषल्या जातात. गोळा फुगून विरळ झाला की त्या बाहेर पडतात. म्हणून बाकीच्या दुर्बिणी थकल्यावर खोडदची पाळी येते. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, चौदा मध्यभागी आणि सोळा तीन भुजांवर, नेमक्या याच लांब लहरींसाठी गोविंद स्वरूपांनी उभारल्या.

स्फोटानंतरच्या २६८ व्या दिवसापासून ११२८ व्या दिवसापर्यंतची, नेदरलँड्समधील वेस्टरबोर्क आणि खोडद येथील निरीक्षणे २००८ साली एकत्र प्रसिद्ध झाली. १,००० मेगाहर्ट्झच्या खाली उत्तरदीप्ती सापडण्याची ती पहिलीच वेळ: वेस्टरबोर्कला ८४० वर, खोडदला ६१० वर. प्रकाशाच्या वेगाशी स्पर्धा करणारा तो झोत साधारण ८० दिवसांत मंदावून जवळजवळ गोल झाला होता, हे त्यातून निघाले. तीन वर्षे एका विझत्या ठिपक्यावर नजर ठेवायची! मला यातली चिकाटी स्फोटापेक्षा थोर वाटते.

आता रेल्वे. पुणे–नाशिक जलद मार्गाचा मूळ आराखडा नारायणगावावरून जात होता. गाडीच्या विद्युत यंत्रणेतून उठणारा रेडिओगोंगाट अशा क्षीण लहरी सहज बुडवतो. दुर्बिणीचे कारण देऊन रेल्वेने शिर्डी–अहिल्यानगरचा वळसा पुढे आणला. संगमनेर–जुन्नरकडचे लोक जुनाच मार्ग मागतात, आणि मला ती मागणी अवाजवी वाटत नाही. कांदा-टोमॅटो पिकवणाऱ्याला गाडी दारातून जावी असे वाटणारच. तबकड्या मात्र उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. वादात किलोमीटर आणि कोटी यांचेच आकडे फिरतात. ६१० मेगाहर्ट्झचा तो आलेख कुणी सभेत मांडल्याचे माझ्या वाचनात नाही.