थापी-ओळंबा कुणाच्या हातात?

आज थोडं मागं जाऊ या.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं दमूनभागून झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात हजारो माणसं दगडमातीखाली गेली. माझ्या वयाच्या बायांना त्यातलं फारसं आठवत नाही. आई-सासूला विचारलं तर त्या अजून सांगतात.

भूकंपानं माणसं मारली, असं आपण म्हणतो. खरं तर पडलेल्या घरांनी मारली. आपल्याकडची जुनी घरं म्हणजे दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती आणि वर मातीचं जाड माळवद. भिंत बाहेरून भक्कम दिसायची, पण आत तिचे दोन पदर वेगवेगळे असायचे. मधे नुसती माती आणि दगडाचे तुकडे. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बहुतेक घरांत घातलेलाच नव्हता. धक्का बसला तसे पदर सुटले आणि वरची माती कोसळली. काही ठिकाणी खणाचे लाकडी खांब उभे राहिले, भिंती मात्र पडल्या.

आरपार दगड घालायला फार पैसा लागत नाही. तो का घालायचा, हे गवंड्याला माहीत असावं लागतं, आणि घरमालकिणीला विचारता यावं लागतं.

भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. पण ज्यांची घरं तडकली होती, पडली नव्हती, अशी गावं शेकड्यांनी होती. तिथं सरकारनं दुरुस्ती आणि मजबुतीचा कार्यक्रम घेतला. घर मालकानं स्वतः दुरुस्त करून घ्यायचं, मदत टप्प्याटप्प्यानं मिळायची. गवंड्यांना प्रशिक्षण दिलं गेलं. माळवदावरची माती कमी करायची. भिंतीला भोक पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन पदर जोडले जातात. भिंतीला जाळी लावून सिमेंटचा पट्टा मारायचा.

आणि बाया? स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीनं, प्रेमा गोपालन यांच्या पुढाकारानं, गावोगावच्या महिला मंडळांतल्या बाया ‘संवाद सहायक’ झाल्या. ज्या कधी इंजिनियरसमोर बोलल्या नव्हत्या, त्या घरोघरी जाऊन सांगू लागल्या की कोपरा असा बांधा, पट्टा इथं द्या. काम चुकलं तर गवंड्याला थांबवू लागल्या. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा आपल्या भागातल्या बाया तिकडं गेल्या. भाषा वेगळी होती, दुःख तेच होतं. आम्ही कसं उभं राहिलो, हे त्यांनी तिथल्या बायांना सांगितलं. कपडे, धान्य, ताडपत्री संपून जाते. शिकलेलं काम मात्र पुढच्या गावाला देता येतं.

कच्छनं आणखी एक गोष्ट केली. भुजच्या हुन्नरशाळा संस्थेनं शाळा सुटलेल्या तरुणांसाठी कारीगरशाळा काढली. तिथं मुलं भिंतकाम आणि सुतारकाम शिकतात, वहीत लिहून नव्हे तर काम करत.

आता आपल्या गावाकडं बघा. जुना गवंडी साठीला आला. त्याचा मुलगा पुण्याला गेला. मुलींसाठी प्रशिक्षण आलं की शिलाई नाहीतर ब्युटी पार्लर. ते वाईट नाही, पण एका गावात किती पार्लर चालणार? आणि बांधकामावर गेलं तर घमेलं बाईच्या डोक्यावर, थापी-ओळंबा पुरुषाच्या हातात. मजुरीतला फरक तुम्हाला मी सांगायला नको. झारखंडमध्ये मात्र बायांनी थापी हातात घेतली. तिथं त्यांना राणी मिस्त्री म्हणतात.

आपल्याकडं दारही उघडं आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत, घरकुलाच्या बांधकामावरच ४५ दिवसांचं गवंडी प्रशिक्षण देण्याची सोय आहे. पण मागणी गावातून जायला हवी.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत, बचतीचा हिशेब झाला की तीन गोष्टी वहीत लिहा. गावात गवंडी किती आणि त्यांचं वय काय. दहावी-बारावी होऊन घरी बसलेली मुलं-मुली किती. आणि यंदा मंजूर घरकुलं किती. ते पान घेऊन ग्रामसभेत जा, आणि मुलींची नावं यादीत आधी घाला.

जमीन पुन्हा कधी हलेल, हे कुणालाच सांगता येत नाही. पण यंदा उभ्या राहणाऱ्या घरकुलाचा कोपरा कसा बांधला जातोय, हे आपल्याला आजच बघता येतं. तो बांधणारी आपलीच लेक असेल तर आणखी बरं.

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.