रात्रीच्या आकाशातल्या लाटा

लहानपणी उन्हाळ्यात आम्ही पंचवटीतल्या घराच्या गच्चीवर झोपायचो. अमावास्येच्या आसपास वीज गेली की आकाश चांदण्यांनी गच्च भरून यायचं. एकदा मी आजोबांना विचारलं, ‘‘जिथे चांदणी नाही, तिथेही आभाळ अगदी काळंकुट्ट का दिसत नाही?’’ ते म्हणाले, ‘‘चांदण्यांचाच उजेड पसरतो रे.’’ मला ते पटलं. पुढे पदार्थविज्ञान शिकवायला लागलो, तेव्हा कळलं की हे उत्तर अर्धंच होतं. उरलेल्या उजेडातला बराचसा आपल्या हवेचाच असतो.

दिवसा सूर्याचे अतिनील किरण वरच्या हवेतले ऑक्सिजनचे रेणू फोडतात. रात्री ते अणू पुन्हा जोडले जातात आणि साठलेली ऊर्जा मंद प्रकाशाच्या रूपानं बाहेर पडते. या प्रकाशाला आपण वायुदीप्ती म्हणू. स्वीडनच्या आँगस्ट्रॉम यांना १८६८ मध्ये त्यातली हिरवी रेषा दिसली. ती ऑक्सिजनची आहे, हे १९२५ मध्ये टोरांटोच्या मॅक्लेनन आणि श्रम यांनी सिद्ध केलं. दिवसाची ऊर्जा रात्री कशी बाहेर पडते, याचा उलगडा १९३१ मध्ये सिडनी चॅपमन यांनी केला.

ही दीप्ती मजल्यामजल्यांची असते. हायड्रॉक्सिलचा थर सुमारे ८७ किलोमीटरवर, ऑक्सिजनची हिरवी रेषा ९७ च्या आसपास, तर तांबडी थेट अडीचशेच्या जवळपास. एवढ्या उंचीवर फुगा पोचत नाही आणि उपग्रह ८७ किलोमीटरवर टिकत नाही. म्हणून तिथे काय चाललंय, हे सांगायला हा उजेडच उपयोगी पडतो.

आणि तिथे लाटा चाललेल्या असतात! गडगडाटी ढग उसळले किंवा वारा डोंगरावर आपटला, की हवेत लाटा उठतात. त्या वर जातात तशी हवा विरळ होत जाते आणि लाट मोठी होते. लाटेच्या चढउतारानं दीप्ती कुठे उजळते, कुठे मंदावते. साऱ्या आकाशाचं छायाचित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यात मग वाळूवरच्या वळ्यांसारखे पट्टे उमटतात.

काही लाटा मात्र याहून फार मोठ्या असतात. सूर्याच्या तापण्यानं उठणाऱ्या बारा आणि चोवीस तासांच्या भरत्या असतात, तर साऱ्या पृथ्वीला वेढणाऱ्या लाटांचा एक फेरा दोन, पाच किंवा सोळा दिवसांचाही असतो. त्या एका छायाचित्रात मावत नाहीत. रात्रीमागून रात्री, एकाच जागेवरून उजेड मोजत बसावं लागतं. आधी सांगितलेल्या लहान लाटा फुटतात तेव्हा वरचे वारे बदलतात. म्हणूनच ध्रुवावरच्या त्या उंचीवर, चोवीस तास ऊन असलेल्या उन्हाळ्यातच सर्वांत कडक थंडी असते.

हे चिकाटीचं काम महाराष्ट्रातही झालं. पुणे विद्यापीठात डॉ. चिपळूणकर आणि डॉ. आगाशे यांनी रात्रीच्या या उजेडाचा अभ्यास केला. १९८० च्या दशकात तिथे हायड्रॉक्सिलच्या प्रकाशरेषांची तीव्रता ताडून त्या थराचं तापमान काढलं गेलं. १९९० च्या दशकापासून कोल्हापूर हे महत्त्वाचं ठिकाण ठरलं. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेनं प्रकाशमापक आणि कॅमेरे लावले. तिथली आणि आंध्र प्रदेशातल्या गादंकीची मोजमापं शेजारी ठेवून एकाच काळातल्या लाटा तपासल्या गेल्या. पावसाळ्याचे ढग आणि चांदण्या रात्री वगळल्या, तर वर्षाकाठी हाती लागणाऱ्या रात्री मोजक्याच. त्यात शहराचा झगमगाट वाढला, तर त्याही जातात.

या संस्थेच्या पूर्वसूरींवर असा प्रसंग एकदा आला होता. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेची ट्राम येणार, तिचा प्रवाह नोंदी बिघडवणार, हे ओळखून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. जुनं काम लगेच थांबवलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणून मालिका तुटली नाही. मुंबईला ट्राम मिळाली आणि विज्ञानाच्या नोंदीही वाचल्या. हे घडलं, कारण कुणीतरी वेळेआधी विचार केला.

अंधाराबाबत तसा विचार आपण क्वचितच करतो. लाटांची एक रात्र हुकली, तर ती पुन्हा मोजता येत नाही. दिवे नकोत, असं मी म्हणत नाही. पण रस्त्याचा दिवा रस्त्यावर पडावा, आभाळात कशाला? वर झाकण असलेला दिवा विजेचीही बचत करतो.

परवा त्याच गच्चीवर उभा राहिलो. नातवानं चांदण्या मोजल्या आणि मोजणी लवकरच संपली. आजोबांना विचारलेला माझा प्रश्न त्याला पडणंच शक्य नव्हतं. आता अमावास्येला त्याला त्र्यंबकच्या पलीकडे, अंधार अजून शाबूत आहे अशा एखाद्या पठारावर घेऊन जायचं ठरवलंय. तिथे कदाचित तोच मला विचारेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)